स्टोरेज बदलताय? कोटेशनआधी व्हॉल्यूमची यादी करा

जुन्या स्टोरेजची एएमसी (वार्षिक देखभाल करार) संपत आली की व्हेंडर नव्या बॉक्सचं कोटेशन देतो. नाशिकमधली कंपनी अंबड एमआयडीसीतली असो की हॉस्पिटल गंगापूर रोडवरचं, डेटा हलवण्याबद्दल त्यात बहुधा एकच ओळ असते : ‘मायग्रेशन, एकरकमी’. पुढे वाढणारा खर्च बराचसा याच ओळीतून निघतो. सही करण्याआधी ती उकलून मागा.

पहिलं काम यादीचं. कुठला व्हॉल्यूम कोणत्या सर्व्हरला जोडलाय, त्यावर ईआरपी आहे, टॅली आहे की सीटी स्कॅनच्या प्रतिमा, किती जागा दिली आहे, किती भरली आहे आणि रोज किती डेटा बदलतो. समजा, दिली 20 टीबी आणि भरली 12 टीबी. व्हॉल्यूम ब्लॉकनिशी जसाच्या तसा उचलला तर उरलेली 8 टीबी रिकामी जागाही नव्या, महाग डिस्कवर जाऊन बसू शकते. ती वगळली जाणार का, हे लेखी घ्या. मालक सापडत नाही असे व्हॉल्यूमही निघतील. ते घाईने पुसू नका. कंपनी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तकं 8 आर्थिक वर्षं जपावी लागतात, आणि नेमकी तीच तिथे असू शकतात. स्वस्त डिस्कवर किंवा टेपवर त्यांची प्रत ठेवली की पुरे.

आता वेळ. लाइनचा वेग बिटमध्ये सांगतात आणि डेटा बाइटमध्ये मोजतात, म्हणून आठाने भागायचं. 12 टीबी डेटा 100 एमबीपीएसच्या लाइनवरून पूर्ण वेगानेही 11 दिवस घेतो. 70 टक्के वेग मिळाला तर साधारण 16 दिवस. 1 जीबीपीएसवर हेच काम 70 टक्के वेगाने दीड दिवसाच्या आसपास उरकतं. सर्व्हर बाहेर हलवायचे असतील, उदाहरणार्थ सातपूरला ईएसडीएसचं डेटा सेंटर आहे तिथे, तर पहिली मोठी प्रत डिस्कवर भरून गाडीने नेता येईल का, हे नक्की विचारा. ती डिस्क मात्र एन्क्रिप्ट केलेलीच हवी.

काम बंद ठेवावं लागतं ते शेवटच्या फरकासाठी. मोठी प्रत काम चालू असतानाच होते. अखेरच्या फेरीत 100 जीबी बदल उरला, तर 100 एमबीपीएसवर 70 टक्के वेगाने त्यालाच तीन तासांहून जास्त लागतात, शिवाय तपासणी वेगळी. तासाला 60,000 रुपयांचं काम अडतं असं धरलं, तर सहा तासांचे 3,60,000 रुपये होतात. हा आकडा कोटेशनशेजारी मांडलात, की महिनाभरासाठी वेगवान लाइन घेणं परवडतं की नाही ते लगेच कळतं.

दोन्ही बॉक्स काही आठवडे एकत्र चालवावेच लागतात. 800 वॉटचा जुना बॉक्स 30 दिवसांत 576 युनिट खातो. युनिट 10 रुपयांचं धरलं तर 5,760 रुपये आणि एसीचं बिल वेगळं. यात जड जाते ती जुन्या बॉक्सची एएमसी. ती वर्षभराऐवजी तीन महिन्यांसाठी वाढवून मिळेल का, यावर घासाघीस करा. नव्याची वॉरंटी डिलिव्हरीपासून धरणार की कटओव्हरपासून, म्हणजे काम नव्या बॉक्सवर वळवल्यापासून, हेही ठरवून घ्या.

कोटेशन आणि एएमसीवर 18 टक्के जीएसटी. कारखान्याला बहुधा इनपुट क्रेडिट मिळतं, पण उपचारसेवा करमुक्त असल्याने हॉस्पिटलला तो कर खिशातूनच भरावा लागतो. 10 लाखांचं कोटेशन तिथे 11,80,000 ला पडतं.

तारीख महिनाअखेर, तिमाहीअखेर आणि मार्च टाळून घ्या. सिंहस्थ कुंभमेळ्यातली अमृतस्नानं 2027च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आहेत. तेव्हा इंजिनिअरला शहरात पोहोचणंही अवघड असेल आणि हॉस्पिटलला तर एक तासही बंद राहता येणार नाही. त्याआधीच्या रस्तेखोदाईत फायबर तुटू शकते, म्हणून दुसरी लाइन वेगळ्या मार्गाने आलेली असावी.

शेवटचा हप्ता ‘कॉपी पूर्ण’ म्हटल्यावर देऊ नका. नव्या बॉक्सवरून बॅकअप घेऊन तो दुसरीकडे रिस्टोअर झाला, अकाउंट्सने बिलं आणि शिल्लक जुळवली, एक महिनाअखेर सुखरूप पार पडली, की मग द्या. तोवर जुन्या डिस्क बायबॅकमध्येही जाऊ देऊ नका. नंतर देताना प्रत्येक डिस्कच्या सीरियल नंबरनिशी डेटा पुसल्याचं प्रमाणपत्र घ्या, आणि भंगारात द्यायच्या असतील तर नोंदणीकृत ई-कचरा रिसायकलरकडेच द्या.