गांधीलमाशीचा दंश : लेप केव्हा, रुग्णालय केव्हा?

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानातील ८ व्या अध्यायात वरटी, म्हणजे गांधीलमाशी, आग्नेय कीटांत गणली आहे. दंशस्थानी दाह, राग व शोथ होतात. मधमाशीप्रमाणे तिची नांगी त्वचेत रुतून राहत नाही, म्हणून ती पुनःपुन्हा दंश करू शकते. लक्षणे स्थानिकच असल्यास शीतोपचार व चंदनलेप योजावा. परंतु सर्वांगावर पित्त उठणे, जिभेस सूज, श्वासकष्ट वा मूर्च्छा यांपैकी एकही लक्षण दिसल्यास लेपात वेळ न दवडता, ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन मिळेल अशा रुग्णालयात रुग्णास तत्काळ पाठवावे. कंठातील दंशही आत्ययिक समजावा. वळचणीचे पोळे जाळू वा दगडाने पाडू नये, जाणकाराकडून काढवावे. औषधालयात येणाऱ्यांसही हा भेद अवश्य सांगावा.