खिशातला संगणक आणि प्रबंध : शंका-समाधान

जुन्या मासिकांवर पीएच.डी. करते आहे. ग्रंथालयात फोननेच पानांचे फोटो काढते. आता गॅलरीत शेकडो फोटो आहेत, पण कोणतं पान कोणत्या अंकातलं हेच कळत नाही. (संशोधक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

फोटो कुठून आला हे कळत नसेल, तर तो प्रबंधात तळटीप म्हणून उभा राहत नाही. म्हणून यापुढे प्रत्येक अंकाचा पहिला फोटो वर्ष, अंक आणि महिना छापलेल्या पानाचा घ्या. मग लेखाची पानं घ्या, पृष्ठांक कापला जाऊ देऊ नका. गॅलरी वेळेनुसार लागते, त्यामुळे अशा एका पानापासून पुढच्या तशाच पानापर्यंतची पानं आपोआप एका अंकाची ठरतात. त्याच संध्याकाळी अंकागणिक एक पीडीएफ करा. नावात वर्ष आधी, मग महिना दोन आकड्यांत : ‘१९३२-०४’. फाइली आपसूक क्रमाने लागतात.

आधीच्या फोटोंसाठी प्रत्येक फोटोच्या तपशिलातली तारीख-वेळ पाहा आणि ग्रंथालयात अंक मागवल्याच्या चिठ्ठ्यांशी ती जुळवा. मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या फोटोसारखं पाठवलेलं चित्र आकसतं आणि त्यातली ही नोंदही पुसली जाते. तिथून पाठवायचंच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

नवा फोन घेऊ नका. ए-४ आकाराचं पान ३०० डीपीआयने टिपायला साधारण ८७ लाख बिंदू (पिक्सेल) लागतात. १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा पुरतो. हवा तो उजेड आणि स्थिर हात. फ्लॅश बंद ठेवा. फोटोतला मजकूर ओळखणारी अ‍ॅप्स जुन्या छपाईत अनुस्वार आणि जोडाक्षरं हमखास चुकवतात. तो मजकूर शोधाशोधीला वापरा; उद्धृत मात्र मूळ पान डोळ्यांसमोर ठेवूनच उतरवा.

संदर्भनोंदींसाठी झोटेरो मोफत आहे, फोनवरही चालतं. त्याची फुकट साठवण ३०० एमबीच. म्हणून नोंदी तिथे ठेवा आणि फोटो दुसरीकडे, दोन ठिकाणी.

मार्गदर्शकांनी पाठवलेली मराठी फाइल फोनवर उघडली की नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसते. फोन बिघडलाय का? (प्राध्यापक, नांदेड)

फोन ठणठणीत आहे. फाइल युनिकोडपूर्व फॉन्टमधली असावी. त्या फॉन्टांत मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. फॉन्ट नसला की खालची रोमन अक्षरं उघडी पडतात. नुसतं वाचायचं असेल तर सरांकडून पीडीएफ मागवा. काम करायचं असेल तर मजकूर संगणकावर युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि रफार, ऱ्ह, ऱ्य असलेले शब्द एकेक तपासा. मूळ फाइल फेकू नका.

अख्खा प्रबंध फोनवरच लिहिला तर? (एम.फिल. झालेला वाचक, पणजी)

टिपणं जरूर लिहा. ब्लूटूथ कीबोर्ड असेल तर एखाद्या प्रकरणाचा कच्चा खर्डाही होईल. पण तळटीपा, अनुक्रमणिका, तक्ते आणि शेवटचं मुद्रितशोधन सहा इंची पडद्यावर करू नये. त्यासाठी विभागातला जुनाट संगणकसुद्धा बरा.