रिकाम्या खोलीचे अर्थशास्त्र

टेंभुर्णीस पुणे-सोलापूर महामार्गावरून पंढरपूर, अकलूज, करमाळा, कुर्डुवाडी या बाजूंना रस्ते फुटतात. औद्योगिक वसाहत आहे, जवळपास साखर कारखाने आहेत. तेव्हा ‘खोली भाड्याने देणे आहे’ ही पाटी येथे नवी नव्हे. परंतु आमच्या गल्लीत खोल्या वाढल्या आणि ती पाटी महिनोन्‌महिने हलेनाशी झाली.

आमच्या घरामागे तीन खोल्या आहेत. भाडे प्रत्येकी २,५०० रुपये. त्यांतील एक दिवाळीपासून पाडव्यापर्यंत पाच महिने रिकामी राहिली. नेमके याच वेळी अण्णांनी वर आणखी चार खोल्या बांधण्याचे मनात घेतले. खर्च बारा लाख. चार लाख उसाच्या बिलातून साठवलेले (माझ्या एम. ए.चे पैसे त्यातच आले) आणि आठ लाख कर्ज, ९ टक्के व्याजाने, १५ वर्षांच्या मुदतीचे. हप्ता महिना सुमारे ८,११५ रुपये. चार खोल्यांचे दहा हजार येतील, हप्ता भागून वर काही उरेल, हा त्यांचा हिशेब.

मी म्हटले, “भाडे थोडे उतरवून आधी खालची खोली तरी भरू या.”

“आगं, हप्ताच आठ हजाराचा हाय. अडीचच्या खाली देऊन परवडंल का?”

येथे मला वर्गात शिकलेला रिकार्डो आठवला. १८१७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने दाखवून दिले की, खंड जास्त म्हणून धान्य महाग होत नाही. धान्य महाग होते म्हणून खंड वाढतो. त्याचा सिद्धांत शेतजमिनीचा असला तरी त्यातला कार्यकारणभाव आमच्या खोलीलाही लागू पडतो. मालकाचा हप्ता भाडे ठरवीत नाही. गावात खोली शोधणारे किती आणि मोकळ्या खोल्या किती, यावर ते ठरते. भाडेकरूला आमच्या कर्जाशी काय कर्तव्य!

मग वहीत आकडे मांडले. चारपैकी एकच खोली रिकामी राहिली तर येणार ७,५००, म्हणजे हप्ताही भागत नाही. उलट २,२०० रुपयांनी चारही भरल्या तर ८,८०० येतात. घरपट्टी, रंग, मोटारदुरुस्ती यांतूनच जायची. खालच्या खोलीचे तर बोलायलाच नको. पाच महिन्यांत १२,५०० रुपये बुडाले होते. पहिल्याच महिन्यात तीनशे रुपये उतरवले असते तर तेवढी तूट व्हायला जवळजवळ साडेतीन वर्षे लागली असती.

अण्णांची हरकत मात्र पुस्तकात नव्हती. “एकाला उतरवलं की बाकीचे दोघं दारात उभे.” खरे आहे. म्हणून तिघांचेही भाडे तीनशेने कमी धरून पाहिले: वर्षाचे १०,८००. तरीही ते पाच महिन्यांच्या कुलपापेक्षा कमीच!

“पण जागेचा भाव वाढतोच की,” असे चुलते म्हणाले. वाढत असेल, पण वाढलेल्या भावातून दरमहा हप्ता फेडता येत नाही, त्यासाठी जागाच विकावी लागते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि कामगार, विद्यार्थी शहरांतून गावी परतले, तेव्हा पुण्या-मुंबईतही खोल्या ओस पडल्या. ज्यांच्यावर कर्ज नव्हते त्यांना थांबता आले. मला वाटते, मंदीत मालकामालकांमधला खरा फरक हाच असतो, आणि आम्ही आपण होऊन दुसऱ्या बाजूला जायला निघालो होतो.

पाडव्यानंतर खालची खोली २,२०० रुपयांना गेली. औद्योगिक वसाहतीत काम करणारा एक मुलगा राहावयास आला. बाकीच्या दोघांपैकी एकानेच भाडे कमी करण्याविषयी विचारले. त्याचे शंभर रुपये उतरवले. वरच्या मजल्याचे यंदाचा ऊस गेल्यावर पाहू, असे अण्णा म्हणतात. स्लॅबवरच्या उघड्या सळयांना गंज चढू नये म्हणून त्यांनी सिमेंटचे पाणी तेवढे मारून घेतले आहे.