‘पाणी पायाशी, ताई’

आधी चौकशी करायला नको होती का, असं भेटेल तो मलाच विचारतोय. सासरचे विचारतात, माहेरचे विचारतात, लेकरांच्या शाळेतल्या बाईंनीही विचारलं. चौकशी केली होती. पाणी तंबूपासून किती लांब, संडास कुठं, रात्री लाईट असते का, गाणी किती वाजेपर्यंत वाजतात, हे सगळं मी लिहून विचारलं होतं आणि त्याची उत्तरं आजही माझ्या मोबाईलमध्ये आहेत. ‘पाणी पायाशी, ताई. लेकरं बिनधास्त खेळतील. टेन्शन नका घेऊ.’ हे त्या तंबूवाल्याचे शब्द. त्या भरवशावर पाच हजार आगाऊ पाठवले होते. म्हणून काय झालं ते एकदा सांगून टाकते. मेच्या शेवटी काजवे बघायला लेकरं घेऊन भंडारदऱ्याला निघणाऱ्यांना त्यातलं काही उपयोगी पडेल.

पाथर्डी, नगर, संगमनेर, अकोले, राजूर असं करत शेंडीला पोचेपर्यंत दिवस कलला. लेकरांनी वाटेत एकच धोशा लावला होता, तळं कधी येणार. आमच्याकडं बीड जिल्ह्यात मेमध्ये सिंदफणेच्या पात्रात वाळू आणि दगड, गल्लीत टँकरची वाट. काठोकाठ पाणी त्यांनी डोळ्यांनी बघावं एवढीच माझी हौस होती. कोल्हारला प्रवरेचा पूल ओलांडताना थोरल्याला सांगितलंही की ही नदी भंडारदऱ्याहून येते, पुढं गोदावरीला मिळून जायकवाडीत जाते आणि तिथून उजव्या कालव्यानं आपल्या माजलगावच्या धरणाकडं पाणी येतं. तो मन लावून ऐकत होता.

तंबूंच्या फाटकावर मोठा फ्लेक्स होता. त्यात तंबूच्या खुंट्यांना टेकलेलं निळंशार पाणी, मागं हिरवागार डोंगर. फ्लेक्सच्या मागं प्रत्यक्षात उतारावरचं वावर होतं. तंबूंच्या खाली भेगाळलेली लाल माती, तिच्या खाली राखाडी गाळाचा पट्टा, आणि त्याच्याही पलीकडं पाण्याची एक रेघ. मी फ्लेक्सकडं बघितलं, डोंगराकडं बघितलं, पुन्हा फ्लेक्सकडं बघितलं. खरा डोंगर वाळून पिवळा पडला होता. फोटोतला हिरवा होता. पावसाळ्यात काढलेला फोटो दाखवून मेमधले पैसे घेतले होते आणि पाणी कुठवर उतरलंय हे तिथंच राहणाऱ्या माणसाला रोज दिसत होतं. त्या क्षणी तळपायाची आग मस्तकाला गेली, ती अजून पुरती उतरलेली नाही.

हे तळं म्हणजे धरणाचं पाणी. १९१० मध्ये काम सुरू झालं, १९२६ मध्ये पुरं झालं, त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं नाव धरणाला दिलं. साठा ११ टीएमसीचा. हे पाणी आहे शेतीसाठी. उन्हाळ्यात आवर्तनं सुटतात, प्रवरेच्या कालव्यांना पाणी जातं आणि तळं खाली खाली सरकतं. साधारण १५ ऑगस्टच्या आसपास धरण भरतं. म्हणजे ज्या दिवसांत काजवे असतात, नेमक्या त्याच दिवसांत पाणी सगळ्यात कमी. काजवे आणि काठोकाठ तळं दोन्ही एकाच मुक्कामात दाखवतो असं कुणी म्हणालं, तर तो खोटं बोलतोय असं खुशाल समजा.

गाळाचं वेगळं सांगायला हवं. वरून तो सुकलेला दिसतो, साईसारखी पापडी धरलेली असते, आणि आत सगळा चिखल. आमची बारकी पाण्याच्या ओढीनं पळाली आणि गुडघ्याच्या वर रुतली. एक पाय काढायला जावं तर दुसरा आणखी आत. तिचे पप्पा धावले तर तेही रुतायला लागले. खाली जनावरं पाण्यावर आणलेल्या एका मावशींनी ओरडून त्यांना जागेवर थांबवलं, हातातली काठी आडवी टाकली, स्वतः कडेच्या खडकावर आडव्या झाल्या आणि लेकराच्या काखेत हात घालून तिला हळूहळू, हलवत हलवत वर घेतलं. सरळ ओढायचं नाही, पाय गोल फिरवत सोडवायचा, हे त्यांनी मला तिथंच सांगितलं. एक चप्पल आतच राहिली. काठावर ना दोरी, ना पाटी, ना माणूस.

तंबूवाल्याला जाब विचारला. पैसे पाठवेपर्यंत हा गडी माझ्याशीच बोलत होता, दर मेसेजमध्ये ताई, ताई. आता मी समोर उभी असताना त्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ह्यांच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, ‘दादा, तुम्ही समजून घ्या. बायकांचं काय, लेकरू जरा रडलं की घाबरतात.’ व्यवहार माझा, मोबाईल माझा, लेकरू माझं, आणि समजून घ्यायचं दादांनी! मी मेसेज उघडून समोर धरले तर म्हणे, पाणी काय माझ्या हातात आहे का. पाणी त्याच्या हातात नव्हतं हे मलाही कळतं. खरं बोलणं तर होतं ना? पैसे परत मागितले तसा त्याला फोन आला आणि तो जो गेला, तो रात्रभर दिसलाच नाही.

अंधार पडल्यावर दणादण गाणी सुरू झाली. अभयारण्याच्या हद्दीत, काजव्यांच्या दिवसांत! त्यात वळवाचा वारा सुटला, पाठोपाठ सडाका आला आणि तंबूत कडेनं पाणी शिरलं. शेवटी त्या मावशींच्याच घरी गेलो. त्यांनी चुलीवर पाणी तापवून बारकीचे पाय धुतले, आमटी-भात वाढला, पडवीत गोधड्या टाकल्या. काजवे तिथंच दिसले, घरामागच्या हिरड्यावर. कुणाचा आवाज नाही, कुणाची बॅटरी नाही. सगळं झाड एकदम उजळायचं, एकदम विझायचं. लेकरं दोन्ही माझ्या मांडीला टेकून बघत बसली.

आता सांगायचं ते. जागा ठरवताना फोटो मागू नका, आजचा व्हिडिओ मागा. तंबूच्या दारात उभं राहून पाण्यापर्यंत चालत जातानाचा, न थांबवता काढलेला. टाळाटाळ झाली की सोडून द्या. लेकरं शाळेत जायच्या वयाची नसतील तर तंबू नकोच. तळ्याकाठी पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आहे, शेंडीत आणि रतनवाडीकडं घरगुती खोल्या मिळतात. शनिवार-रविवार टाळा, काजव्यांच्या दिवसांत त्या अरुंद रस्त्यावर गाड्या अडकून पडतात आणि मागं बसलेल्या लेकरांचे हाल होतात. वनखात्याचं शुल्क भरून पावती जपून ठेवा, रात्री आत थांबायच्या वेळा फाटकावरच विचारून घ्या. झाडांजवळ गाडीचे दिवे आणि मोबाईलचा उजेड बंद. नर काजवे लुकलुकून मादीला बोलावतात, उजेडात त्यांची खूण हरवते. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक वाजवायला कायद्यानं बंदी आहे. भांडत बसू नका, ११२ ला फोन लावा. तापाचं औषध, स्वेटर, सुके कपडे सोबत हवेतच. पाणी बघायचंच असेल तर सप्टेंबरमध्ये जा. आणि रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर चुकवू नका. दुसऱ्या दिवशी आम्ही तिथंच होतो, लेकरांनी पोटभर करवंदं खाल्ली.

पैशांचं. ठरलेलं सगळं लेखी ठेवा, पैसे ऑनलाइनच द्या, आणि फसवणूक झाली की तिथल्या तिथं फोटो काढा, त्यात फ्लेक्ससुद्धा आला पाहिजे. ग्राहक हेल्पलाइन १९१५. लांबच्या जिल्ह्यात कोण खेटे घालणार म्हणून लोक गप्प बसतात, असल्या तंबूवाल्यांचं तेच फावतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. म्हणजे माझी बीडला. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, मुदत दोन वर्षांची.

मी आधी त्याला लेखी नोटीस पाठवली. लगेच फोन आला, तोही ह्यांच्या नंबरवर. ‘दादा, निम्मे घ्या आणि मिटवून टाका.’ ह्यांनी फोन माझ्या हातात दिला. मी नाही म्हटलं. कागद तयार आहेत, सोमवारी बीडला जाते आहे.