टोमॅटोचे आरोग्य आणि पाण्याची पाळी

सुरत शहराच्या पूर्व भागातील लिंबायत ही प्रामुख्याने श्रमिकांची वसाहत आहे. धुळे, नंदुरबार आणि जळगाव या जिल्ह्यांतून यंत्रमाग व कापड उद्योगात कामासाठी आलेली असंख्य मराठी कुटुंबे येथे स्थायिक झाली आहेत. दाट वस्तीमुळे परसाला जागा नसते. म्हणून गच्ची हीच घरची बाग ठरते. अशा गच्चीवर टोमॅटो उत्तम येतो.

परंतु पान वळले वा फळ काळवंडले की औषध फवारण्याची घाई केली जाते. ज्या गच्चीवर धान्य वाळते, मुले खेळतात आणि उन्हाळ्यात माणसे झोपतात, तेथे विषारी औषध वापरणे धोक्याचे आहे. शिवाय कित्येक विकृतींचे मूळ रोगात नसून पाण्याच्या अनियमिततेत असते. म्हणून प्रथम दोष कोणता आणि रोग कोणता, हे ओळखणे आवश्यक आहे.

हंगाम व वाण

सुरतेत पावसाळ्यात पाऊस भरपूर पडतो. यास्तव ऑगस्टअखेर आडोशाला बी पेरावे आणि २५ ते ३० दिवसांची रोपे पाऊस ओसरल्यावर कुंडीत लावावीत. लावणीनंतर साधारण ६० ते ७५ दिवसांत फळे तोडणीस येऊ लागतात. येथील सौम्य हिवाळा फळधारणेस पोषक आहे. दिवसाचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या वर गेल्यास फुले गळतात.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे धनश्री व भाग्यश्री हे वाण खानदेशातील लोकांना परिचित आहेत. बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचा अर्का रक्षक हा संकरित वाण पर्णगुच्छ, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्ही रोगांना प्रतिकारक आहे. मात्र संकरित वाणाच्या फळातील बी पुढील वर्षी वापरू नये.

कुंडी व माती

एका झाडासाठी किमान १५ लिटर मातीची, ३० सेंटिमीटर खोल कुंडी घ्यावी व तिच्या तळाला छिद्रे ठेवावीत. रंगाई-छपाईच्या कारखान्यांतील रसायनांची रिकामी पिंपे कितीही स्वस्त मिळाली तरी खाद्यपिकासाठी वापरू नयेत. काळी माती चिकण असल्याने दोन भाग मातीत एक भाग वाळू व एक भाग चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. वांगी, मिरची किंवा टोमॅटो घेतलेली माती लगेच पुन्हा टोमॅटोस वापरू नये. ही सर्व पिके एकाच कुळातील असून त्यांचे पुष्कळसे रोगही सामाईक आहेत.

पाण्याचे दोष

फळाचा खालचा भाग काळा पडून खोलगट होणे, हा रोग नव्हे. फळाला चुना, म्हणजे कॅल्शियम, पाण्याबरोबरच पोहोचतो. माती कधी कोरडी, कधी चिंब राहिली की हा पुरवठा खंडित होतो. मातीत चुना असूनही फळ उपाशी राहते. त्याचप्रमाणे कोरड पडल्यानंतर एकदम भरपूर पाणी दिल्यास फळे तडकतात. या दोन्ही दोषांवर फवारणीचा उपयोग नाही.

यंत्रमागावर बारा तासांच्या पाळ्या असतात. दिवसपाळी व रात्रपाळी बदलली की घरातील कामांची वेळ बदलते आणि झाडाचे पाणी चुकते. म्हणून पाण्याची जबाबदारी घरातील एकाच ठरलेल्या व्यक्तीकडे, शक्यतो सकाळी, सोपवावी. बोटाचे दोन पेरे माती कोरडी लागल्यास तळातून निथळेपर्यंत पाणी द्यावे. पाणी बुंध्याशी घालावे, पाने भिजवू नयेत. मातीवर वाळलेला पाला किंवा नारळाच्या शेंड्यांचे आच्छादन दिल्यास ओलावा टिकतो.

खरे रोग

पाने आखडून वर वळणे, पिवळी पडणे व वाढ खुंटणे ही पर्णगुच्छ रोगाची लक्षणे होत. हा विषाणू पांढरी माशी पसरविते. रोगट झाडावर इलाज नाही. ते उपटून पिशवीत बंद करून टाकावे. माशीसाठी पिवळे चिकट सापळे लावावेत. एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवून, गाळून, किंचित साबण घालून सायंकाळी फवारावी.

खालच्या पानांवर एकात एक वर्तुळे असलेले तपकिरी ठिपके दिसल्यास तो करपा समजावा. अशी पाने तोडावीत, झाडास काठीचा आधार द्यावा, जमिनीलगतची बगलफूट काढावी आणि हवा खेळती ठेवावी.

आणखी एक खबरदारी अगत्याची आहे. तंबाखूतील मोझॅक विषाणू हातांवाटे टोमॅटोवर जाऊ शकतो. तंबाखू मळल्यावर वा विडी ओढल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय झाडास स्पर्श करू नये.

फळावर लाली दिसू लागताच ते तोडून घरात पिकविले तरी चालते. त्यामुळे तडकणे व पक्ष्यांपासून होणारे नुकसान टळते. नियमित पाणी, स्वच्छ हात आणि रोगट झाड वेळीच काढण्याची तयारी, या तीन गोष्टी पाळल्यास चार कुंड्यांतूनही घरच्या भाजीत टोमॅटोची चांगली भर पडते आणि तो निर्धास्तपणे मुलांच्या ताटात वाढता येतो.