आधी मजकूर, मग संकेतस्थळ

छोट्या मासिकाचे संपादक मंडळ संकेतस्थळाच्या विचाराला बसले की पहिली बैठक रंग आणि बोधचिन्हातच संपते. ते राहू द्या. छापखान्यात गेलेली शेवटची फाइल मागवा.

तिच्यातला एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी नीट दिसली, तर मजकूर युनिकोडमध्ये आहे. इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची खिचडी दिसली, तर अंक जुन्या फॉन्टात जुळवलेला आहे. असा मजकूर गूगलला सापडत नाही, आणि अंध वाचकाच्या स्क्रीन रीडरमधून निव्वळ बडबड ऐकू येते. कन्व्हर्टर वापरून तो युनिकोडमध्ये आणा.

यानंतर मुद्रितशोधन पुन्हा करावेच लागते. रफार आणि जोडाक्षरांवर आधी नजर टाका, मग ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ अशा शब्दांतल्या अर्ध्या ऱ वर. हा ऱ संगणकावर दोन प्रकारे टंकता येतो. डोळ्यांना फरक कळत नाही, पण शोध घेताना ते दोन निराळे शब्द ठरू शकतात. ‘ॲ’चीही तीच गत. एक रीत ठरवा आणि ‘शोधा व बदला’ वापरून सगळीकडे तीच करा. अपूर्णविरामाच्या जागी विसर्ग टंकायची आपल्याकडे जुनी खोड आहे. तेही याच फेरीत निस्तरा.

आता संकेतस्थळ उभारायला वर्डप्रेस घ्या. ते फुकट आहे, मराठीत चालते आणि मोबाइलवरूनही लेख चढवता येतो. डोमेन आणि होस्टिंग मात्र संस्थेच्या नावाने, संस्थेच्या ईमेलवर घ्या. सचिवांच्या भाच्याच्या खात्यावर घेतलेले संकेतस्थळ भाचा परदेशी गेला की नूतनीकरणावाचून बंद पडते. पासवर्ड दोघांकडे असू द्या.

वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये भाषा ‘मराठी’ निवडा. एवढ्याने पानावर भाषेची खूण उमटते आणि स्क्रीन रीडरला मराठी आवाज निवडता येतो. प्रत्येक अंकाला एक वर्ग आणि प्रत्येक लेखाला स्वतंत्र पान द्या. अख्ख्या अंकाची एकच पीडीएफ टाकून मोकळे होऊ नका. शीर्षक, लेखक, मजकूर, लेखकपरिचय अशा रिकाम्या जागा असलेला एक मसुदा बनवून ठेवा आणि दर वेळी त्याचीच प्रत काढा. लेखाचा पत्ता रोमन लिपीत, छोटा ठेवा. देवनागरी पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवला की बहुधा टक्क्याच्या चिन्हांची लांबलचक माळ होते.

‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ हा फॉन्ट घ्या. आकार १८ पिक्सेल आणि ओळींमधले अंतर १.७ पट ठेवा, म्हणजे वरच्या ओळीचे उकार खालच्या मात्रांना भिडणार नाहीत. अक्षरांमधले अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. अक्षर आणि पार्श्वभूमीच्या रंगांतली तफावत किमान ४.५ : १ हवी. पांढऱ्यावर फिकट राखाडी छान दिसते, वाचवत नाही.

कवितेचे सुलेखन करून चित्र टाकायची हौस अनेकांना असते. टाका, पण खाली कविता मजकूर म्हणूनही द्या. ओळ तोडताना शिफ्ट-एंटर आणि कडवे संपल्यावर नुसते एंटर. उपशीर्षक नुसते ठळक करू नका, ‘शीर्षक’ हा प्रकार निवडा. अंध वाचक त्याच खुणांवरून उड्या मारत पान चाळतो. चित्रांना वर्णन लिहा. ‘मुखपृष्ठ’ एवढे पुरत नाही. ‘विहिरीच्या काठावर बसलेल्या दोन मुली, जलरंग’ असे लिहा.

तपासताना माउस बाजूला ठेवून फक्त टॅबने सगळीकडे पोहोचता येते का ते पाहा. विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत मिळतो, अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक असतो; दोन्हींवर एक लेख पूर्ण ऐका. मग एखाद्या अंध वाचकाकडून तपासून घ्या आणि मुद्रितशोधकाला देता तसे त्याला मानधन द्या.

जुने अंक सावकाश, ताज्या अंकाकडून मागे जात चढवा. लेखकांची परवानगी हवी. भारतात कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, तेव्हा पुष्कळदा वारसांना पत्र लिहावे लागेल. परवानगी मिळाली नाही तर लेखाचे नाव अनुक्रमणिकेत ठेवा, मजकूर टाकू नका.