सहा तासांचे औषध

मुलांनो, मुरुमहून मुंबईला जायचे म्हणजे एस.टी.चा रात्रभराचा प्रवास. आता असे औषध डोळ्यांसमोर आणा, की जे मुंबईहून निघाले तर मुरुमला पोहोचेपर्यंत त्याचे निम्म्याहून अधिक बळ ओसरलेले असेल. बाटली फुटली नाही, औषध सांडले नाही, तरीही!

या पदार्थाचे नाव टेक्नेशियम. तो किरणोत्सारी आहे आणि दर ६ तासांनी त्याचा किरणोत्सार निम्मा होतो. रोग्याच्या दृष्टीने हे चांगलेच. 'मिबी' नावाच्या रसायनाशी जोडून तो शिरेत टोचतात. जिथे रक्त नीट पोहोचते, तिथे हृदयाच्या स्नायूत तो भरपूर साठतो. रक्तवाहिनी अरुंद असेल तिथे कमी. त्याचे किरण गॅमा कॅमेरा टिपतो. छाती न उघडता डॉक्टरांना कळते, की हृदयाचा कोणता भाग उपाशी आहे. त्यासाठी रोग्याला आधी यंत्रावर चालवतात, कारण विश्रांतीत ही उणीव पुष्कळदा लपून राहते.

पण दूरच्या रुग्णालयाने काय करावे? मॉलिब्डेनमपासून टेक्नेशियम तयार होत राहते, आणि मॉलिब्डेनम निम्मे व्हायला ६६ तास लागतात. म्हणून शिशाच्या आवरणात मॉलिब्डेनमच पाठवतात. सकाळी त्यातून मिठाचे पाणी सोडले, की टेक्नेशियम धुऊन निघते. शास्त्रज्ञ गमतीने या उपकरणाला 'गाय' म्हणतात. धार काढली, तरी दुसऱ्या दिवशी दूध आहेच!

मिबीची कोरडी पूड कुपीतून वेगळी येते. नवी मुंबईत वाशी येथील 'ब्रिट' ही १९८९ साली स्थापन झालेली सरकारी संस्था ती तयार करते. पुडीत टेक्नेशियम मिसळून कुपी उकळत्या पाण्यात थोडा वेळ ठेवली, की औषध तयार. मग मात्र घाई करावी लागते. घड्याळ चालूच असते.